घेण्याचे माप आणि देण्याचे माप





गोंदिया शहरानजीकचे नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे व महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे दूरवर परिचित आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला, तेव्हापासून हे गाव त्या जिल्ह्यात गणले जाते. परंतु जुन्या नावाने ओळखावयाचे तर हा सारा मुलूख झाडीचा. ज्या भंडाऱ्याचे नाव सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे एकनिष्ठ भक्त नीळभट्ट भांडारेकार यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे, ते भंडारा याच मुलखातले. तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या हे या भूमीचे रूप. येथे पाणी हेच धन, आणि गावातली पुष्कळशी भांडणेही पाण्याचीच.

भाद्रपदाचे दिवस होते. पावसाने ओढ दिली होती. नागऱ्याचे एक वासनिक गृहस्थ दंडवत करून बसले आणि त्यांनी पुढील प्रश्न विचारला. "बाबा, माझी एक बांधी वरच्या अंगाला आहे. शेजाऱ्याची तिच्या खाली. दुसऱ्या बाजूला त्याची बांधी वर आणि माझी खाली. मागल्या वर्षी अशीच ओढ बसली. माझे धान निसवणीवर होते. मी त्याला दोन वेळा विनविले, पण त्याने धुरा फोडू दिला नाही. माझे धान डोळ्यांदेखत पळीज झाले. या वर्षी तलावाचे पाणी आधी माझ्या बांधीत आले आहे आणि त्याचे धान सुकते आहे. तो अजून माझ्याकडे आलेला नाही, पण येईल. आपल्याला जशी दया हवी तशी दुसऱ्यावर करावी, असे आपण निरूपणात सांगता. मला दया हवी होती तेव्हा ती मिळाली नाही. आता मी काय करावे?"

प्रश्न साधा होता, परंतु उत्तर चटकन देता आले नाही. ज्याचे वर्षाचे पीक गेले त्याला 'क्षमा कर' असे सांगण्यास सांगणाऱ्याचे काही खर्च होत नाही. म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी या असे सांगितले. दुसऱ्या दिवशी जे बोलणे झाले, त्याचाच विस्तार साधकांच्या अभ्यासासाठी येथे करीत आहे.

विषयाचे स्वरूप

आपल्याला जे वर्तन हवेसे वाटते ते दुसऱ्याशी करावे आणि जे नकोसे वाटते ते करू नये, हा विचार कोणा एका देशाचा वा पंथाचा नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की, स्वतःच्या अनुभवाची उपमा घेऊन जो सर्वांचे सुख-दुःख सारखे पाहतो तो योगी श्रेष्ठ होय. महाभारताच्या अनुशासनपर्वात हाच आशय धर्माचे सार म्हणून आला आहे. चीन देशात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी कन्फ्यूशियसने आपल्या शिष्यांना हेच शिकविले. यहुद्यांचे आचार्य हिलेल यांनी आणि येशू ख्रिस्ताने आपापल्या श्रोत्यांस हेच सांगितले. एवढ्या दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट सांगावीशी वाटली, याचे कारण एवढेच की सर्व ठिकाणचा जीव एकाच प्रकारे दुखतो.

या विचाराला दोन अंगे आहेत. एक निषेधाचे : मला नको ते दुसऱ्याला करू नये. दुसरे विधीचे : मला हवे ते दुसऱ्यासाठी करावे. पहिल्या अंगाचे पालन घरात स्वस्थ बसूनही होते. दुसऱ्यासाठी उठावे लागते. शेजाऱ्याचे पाणी चोरले नाही म्हणजे पहिले अंग पाळले गेले. त्याचे धान सुकत असता धुरा फोडणे हे दुसरे अंग होय. आपला आचारधर्म दोन्ही अंगे मागतो. पाणी गाळून घेणे, वाट चालताना मुंगी-किड्याला जपणे, झाडाचे पानही निष्कारण न तोडणे, हे निषेधाचे अंग आपण बालपणापासून शिकतो. विधीचे अंग मात्र पुष्कळदा राहून जाते.

दोन मापांचा दृष्टांत

एका गावी एक धान्याचा व्यापारी होता. त्याच्या दुकानात दोन पायल्या होत्या. शेतकऱ्याकडून धान घ्यावयाचे तेव्हा तो मोठ्या पायलीने मोजून घेई, आणि गिऱ्हाइकाला द्यावयाचे तेव्हा लहान पायली काढी. दोन्ही पायल्या बाहेरून सारख्याच दिसत. व्यापारी स्वतःला लबाड समजत नसे, कारण प्रत्येक वेळी तो 'एक पायली'च मोजीत असे.

दार्ष्टांतिक असे : तो व्यापारी म्हणजे आपले मन होय. आपल्या हातून चूक होते तेव्हा आपण म्हणतो, "मी थकलो होतो, माझा हेतू वाईट नव्हता, मला कोणी नीट सांगितले नाही." आपण आपली चूक हेतूच्या मोठ्या पायलीने मोजतो, म्हणून तिच्यात पुष्कळ क्षमा मावते. तीच चूक शेजाऱ्याच्या हातून झाली म्हणजे आपण म्हणतो, "तो तसलाच आहे." येथे आपण केवळ कृत्य पाहतो, हेतू विचारीत नाही. ही लहान पायली झाली. तिच्यात क्षमा मावत नाही. आपणही त्या व्यापाऱ्याप्रमाणेच दोन्ही वेळा 'न्याय'च केला असे समजतो.

आपल्याला जी दया हवी तीच दुसऱ्याला द्यावी, याचा खरा अर्थ एवढाच की दुकानात पायली एकच ठेवावी. मग प्रश्न उरतो तो हा : ती पायली केवढी असावी? या प्रश्नाचे उत्तर आपल्या शास्त्रात शोधू.

सशाची लीळा

म्हाइंभटांनी सुमारे १२७८ च्या सुमारास संकलित केलेल्या लीळाचरित्रात ससिक-रक्षणाची लीळा आहे. ती सर्वांना ठाऊक आहे, तरी या दृष्टीने पुन्हा पाहावी. पारध्यांनी पाठलाग केलेला एक ससा जिवाच्या आकांताने धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली लपला. कुत्री येऊन थबकली. मागोमाग पारधी आले आणि आपली शिकार परत मागू लागले. त्यांची त्या सशावर पैज लागलेली होती. तो न मिळाल्यास आपसात शस्त्रे निघतील असे त्यांचे म्हणणे होते. स्वामींनी ससा दिला नाही. तो शरण आला आहे, हे एकच कारण पुरेसे मानले. पारध्यांनाही स्वामींनी झिडकारले नाही, त्यांना समजावले. पारधी निघून गेल्यावर सशाला मोकळे केले.

या लीळेत तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, सशाने स्वामींसाठी काही केलेले नव्हते आणि पुढेही तो काही करू शकणार नव्हता. त्याची योग्यता पाहिली गेली नाही, त्याचे भय पाहिले गेले. दुसरी, शरण येण्यापूर्वी सशाने स्वामींचे ज्ञान, भक्ती वा आचार यांपैकी काहीही स्वीकारले नव्हते. तो केवळ घाबरून आला होता. तिसरी, आणि ही पुष्कळदा निसटते, दया सशापुरतीच थांबली नाही. पारधीही दयेचेच पात्र होते. एकाला वाचवताना दुसऱ्याचा द्वेष करावा लागत नाही, हे येथे दिसते.

आता स्वतःकडे पाहावे. आपले शास्त्र जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगते. जीव हा अनादिकाळापासून अविद्येने बद्ध आहे. त्याच्या अंगी असे कोणते पुण्य आहे की ज्याच्या मोबदल्यात परमेश्वराने त्याच्यासाठी अवतार घ्यावा? परमेश्वराला जीवोद्धरणाचे व्यसन आहे, असे आपण म्हणतो. 'व्यसन' हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. व्यसनी मनुष्य लाभ-हानीचा हिशेब करीत नाही. परमेश्वराची कृपा ही जीवाच्या योग्यतेची मजुरी नव्हे. तात्पर्य, सशाच्या जागी आपणच आहोत. आपण परमेश्वराच्या दारी रोज जी पायली पुढे धरतो ती योग्यतेची नसते, गरजेची असते. "मी काही केले नाही, तरी मला सांभाळा" एवढेच आपले मागणे असते. घेताना गरजेची पायली आणि देताना योग्यतेची पायली, ही मघाच्या व्यापाऱ्याचीच रीत झाली.

रिद्धपूरचे पाणी

नागऱ्याच्या गृहस्थांचा प्रश्न पाण्याचा होता म्हणून श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रातील पाण्याची लीळा त्यांना सांगितली. रिद्धपूरच्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वस्तीला पाण्याचे मोठे दुर्भिक्ष्य होते. उन्हाळ्याचे दिवस. गावच्या पाण्यापर्यंत त्यांचा हात पोहोचू दिला जात नव्हता. घोटभर पाण्यासाठी येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे हात पसरावा लागे. त्यांनी श्रीप्रभूंकडे धाव घेतली. श्रीप्रभूंनी जागा दाखविली, तेथे खणले आणि पाणी लागले.

येथे लक्षात घ्यावे की श्रीप्रभूंनी त्या लोकांना एक घागर पाणी देऊन परत पाठविले नाही. तसे केले असते तर ते पुन्हा दुसऱ्या दिवशी मागणारेच राहिले असते. त्यांना त्यांचे स्वतःचे पाणी मिळाले, मागणे संपले. आपण स्वतः त्या जागी असतो तर आपल्याला काय हवे होते? रोज कोणाच्या दयेवर जगणे की आपल्या वस्तीत आपली विहीर? 'मला काय हवे असते' हा प्रश्न शेवटपर्यंत विचारला म्हणजे दया भिकेच्या पातळीवर थांबत नाही, ती दुसऱ्याचा मान राखते. त्याच श्रीप्रभूंनी अडलेल्या स्त्रीची सुईण होऊन तिची सुटका केली, अशीही लीळा चरित्रात आहे. जेथे पुरुषाने जाऊ नये आणि थोराने तर मुळीच जाऊ नये असे लोक मानीत, तेथे ते गेले. कारण तेथे वेदना होती. रिद्धपूरचे लोक त्यांना आपली आई आणि आपला बाप दोन्ही समजत, याचे नवल वाटत नाही.

या लीळेनंतर सहाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह सत्याग्रह करावा लागला. ज्या भूमीत श्रीप्रभूंनी विहिरीची जागा दाखविली त्याच महाराष्ट्राची ही गोष्ट आहे. लीळा पाठ असणे आणि लीळा अंगी उतरणे यांतील अंतर किती मोठे असू शकते, याची ही साक्ष होय. ती वाचून आपण खाली मान घालावी, दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.

ज्ञानाचे पाणी

दया केवळ अन्नपाण्याची नसते. स्मृतिस्थळात आचार्य श्रीनागदेवांचा एक प्रसंग आहे. केशिराजबास हे मोठे संस्कृत पंडित. सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ यांची रचना त्यांच्याच हातची. त्यांना संस्कृतात ग्रंथ करण्याची ओढ होती. आचार्यांनी त्यांना आवरले. संस्कृतात रचना झाल्या तर स्वामींच्या मार्गातल्या म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती.

याचा विचार करावा. आचार्यांपुढे एका बाजूला पंडितांची वाहवा होती, पंथाला विद्वानांत मिळणारी प्रतिष्ठा होती. दुसऱ्या बाजूला काही अक्षरशून्य वृद्ध स्त्रिया होत्या. त्यांनी तक्रारही केली नसती, कारण आपण कशाला मुकलो हे त्यांना कळलेच नसते. आचार्यांनी त्या न बोलणाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले. ज्याला मागता येत नाही त्याचीही गरज आपली समजावी, हे या प्रसंगाचे मर्म होय. आज निरूपण करणाऱ्याने समोर बसलेल्या शेवटच्या श्रोत्याला समजेल असे बोलावे. आपल्या विद्वत्तेचा थाट मांडू नये. आपण स्वतः नवखे असताना गुरूने आपल्यासाठी किती खाली उतरून सांगितले होते, ते आठवावे.

झाडीतील सारस

जुन्या काळच्या या उदाहरणांबरोबर आजचे, आणि याच मुलखातले, एक उदाहरण देण्यासारखे आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, आणि त्याची संख्या शंभराच्याही आत आहे. माणसाएवढा उंच असा हा पक्षी तलावांच्या काठी आणि पावसाळ्यात भर धानाच्या बांधीतच घरटे करतो. परसवाडा, झिलमिली अशा तलावांच्या परिसरात त्याच्या जोड्या दिसतात. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि नर-मादी दोघेही आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. घरट्यासाठी भोवतालचे धान मोडते आणि शेतकऱ्याचे काही नुकसान होते. पूर्वी त्या रागाने अंडी फोडली जात. गेल्या दोन दशकांत स्थानिक कार्यकर्त्यांनी गावोगाव समजावल्यामुळे अनेक शेतकरी आता बांधीतले घरटे राखतात, तेवढा भाग सोडून कामे करतात, कुत्र्या-मुलांना तिकडे फिरकू देत नाहीत.

या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी ससिक-रक्षणाची लीळा ऐकलेलीही नसेल. परंतु बांधीत पाय घालताना जो मनुष्य घरट्यापाशी थांबतो आणि 'याचेही पोर आहे' असे म्हणून वळसा घालतो, त्याने त्या लीळेचा आचार केला असे म्हणावयास हरकत नाही. त्याला सारसाकडून काय मिळणार? चार पेंढ्या धान कमीच होते. तरी तो थांबतो, कारण आपल्या घरातल्या पाळण्याशी त्याने त्या घरट्याचे माप जुळवून पाहिलेले असते.

शंका आणि समाधान

शंका पहिली : दयेचे फळ दयाच मिळावे, अशी अपेक्षा ठेवावी काय?

समाधान : ठेवू नये. 'मी दया केली म्हणजे मला दया मिळेल' असे मानणे हा सौदा झाला. आपल्याला दया मिळावी अशी आशा धरणे गैर नाही, कारण ती आशाच आपल्याला दुसऱ्याचे दुःख समजावून देते. परंतु ती आशा आपल्याला समज देण्यापुरतीच असावी, वसुली करण्यासाठी नसावी. नाहीतर ज्या दिवशी परतफेड होणार नाही त्या दिवशी दयाही थांबेल. नागऱ्याच्या गृहस्थांची अडचण नेमकी हीच होती.

शंका दुसरी : अन्याय करणाऱ्यावर दया केली तर अन्याय वाढणार नाही काय?

समाधान : दया म्हणजे अन्यायाला होकार नव्हे. स्वामींनी पारध्यांना समजावले, पण ससा दिला नाही. गावात पाणी वाटपाचे नियम असावेत, पंचांपुढे गाऱ्हाणे मांडावे, आपला हक्क सांगावा. हे सर्व करण्यास शास्त्राची आडकाठी नाही. आपण स्वतः चुकलो असता आपल्याला काय हवे असते, हे आठवावे. कोणी आपल्याला चूक सांगावी, पण चारचौघांत अपमान करू नये. शासन करावे, पण सूड उगवू नये. तेच दुसऱ्याला द्यावे. पाणी अडवल्याबद्दल शेजाऱ्याला दोन शब्द सुनावणे निराळे आणि त्याचे धान वाळू देणे निराळे. धानाने काही अपराध केलेला नसतो, आणि त्या धानावर ज्या लेकरांचे वर्ष अवलंबून असते त्यांनीही नाही.

शंका तिसरी : मुमुक्षूने स्मरणात राहावे, लोकांच्या सुखदुःखात पडल्याने आसक्ती वाढणार नाही काय?

समाधान : आसक्ती आणि दया यांची ओळख निराळी आहे. आसक्ती आपल्या माणसांकडे धावते, दया गरज असेल तिकडे जाते. आसक्तीला परतफेड हवी असते, दया काम झाल्यावर सशाला सोडून देते. ज्याला वाटते की आपण दयेने बांधले जात आहोत, त्याने पाहावे की त्यात आपले-परके हा भेद आहे काय. भेद असेल तर ती आसक्ती समजावी आणि आवरावी. भेद नसेल तर भय बाळगू नये.

शंका चौथी : हे सर्व व्यक्तीपुरते झाले. समुदायाला, पंथाला याचा काही उपयोग आहे काय?

समाधान : अवश्य आहे, आणि येथे आपण जरा कठोरपणे स्वतःकडे पाहिले पाहिजे. आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके गैरसमज आणि अवहेलना सोसली. आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत जपले गेले. बाहेरच्यांना ते वाचता येत नसल्याने आपल्याविषयी नाही नाही त्या कल्पना पसरल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि पुढे आपले वाङ्मय अभ्यासकांपुढे येऊ लागले, तेव्हा कोठे पुष्कळांना कळले की मराठी गद्याचे आद्य धन या पोथ्यांत आहे. त्या सर्व काळात आपल्या पूर्वजांना एकच गोष्ट हवी होती : आम्हांला नाव ठेवण्यापूर्वी आमचे म्हणणे ऐका. मग आज दुसऱ्या मार्गाच्या मनुष्याविषयी, नव्याने उपदेश घेतलेल्या कुटुंबाविषयी, हीन मानलेल्या जातीतून आलेल्या साधकाविषयी, आपण त्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वी मत बनवितो काय? पंगतीत, आश्रमात, यात्रेत त्याला जी वागणूक मिळते ती आपल्याला चालली असती काय? ज्याने बाहेर उभे राहण्याचे दुःख सोसले आहे त्याने दुसऱ्याला बाहेर उभे करणे, यासारखी दोन पायल्यांची दुसरी रीत नाही.

आचाराची सोपी वाट

अभ्यासासाठी चार गोष्टी सुचवितो. रात्री स्मरणाला बसण्यापूर्वी दिवसभरात ज्या एका माणसावर आपण रागावलो त्याची आठवण करावी आणि तेच कृत्य आपल्या हातून झाले असते तर आपण कोणती सबब सांगितली असती, ती सबब मनातल्या मनात त्याच्यासाठी सांगून पाहावी. दुसरी गोष्ट, रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून काम करणाऱ्या मजूर बायांची मजुरी संध्याकाळीच द्यावी. आपण त्या चिखलात असतो तर उद्यावर ढकललेली मजुरी आपल्याला कशी वाटली असती, हे पाहावे. तिसरी, भिक्षुकांनी अटनात ज्या घरी भिक्षा मिळाली नाही त्या घराविषयी वाईट बोलू नये. त्या घरी त्या दिवशी काय घडले असेल हे आपल्याला ठाऊक नसते. आणि वासनिकांनी दारी आलेल्या भिक्षुकाला नाही म्हणावयाचे तरी ते गोड शब्दांनी म्हणावे. चौथी, सासूने सुनेशी बोलताना आपल्या सुनपणाचे दिवस आठवावेत, आणि सुनेने आपल्या पुढच्या म्हातारपणाचे. या चारही गोष्टी लहान आहेत, परंतु पायली घासून घासूनच सारखी होते.

उपसंहार

दुसऱ्या दिवशी हे सर्व ऐकून ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाबा, तो मागायला आला तर देईन." त्यांना विचारले, "मागल्या वर्षी तुम्ही दोनदा विनविले. त्या विनवणीने तुमच्या मनाला काय वाटले?" ते म्हणाले, "मेल्याहून मेल्यासारखे." एवढे बोलून त्यांनी मान खाली घातली. पुढे काही सांगावे लागले नाही.

कार्तिकात ते पुन्हा भेटले. शेजारी मागावयास येण्यापूर्वीच त्यांनी त्याच संध्याकाळी धुरा फोडून पाणी खाली सोडले होते. "शेजारी काय म्हणाला?" असे विचारता ते म्हणाले, "काही नाही म्हणाला. सकाळी बांधीवर उभा राहून पाण्याकडे पाहत होता. माझ्याशी अजूनही बोलत नाही." थोडे थांबून पुढे म्हणाले, "वाईट वाटले, बाबा. पण त्याचे धान भरले."

सद्भक्तहो, शेजारी बोलू लागला, त्याने पाय धरले, पुढच्या वर्षी त्याने पाणी दिले, असा शेवट असता तर ही गोष्ट ऐकावयास अधिक गोड लागली असती. परंतु तसे घडलेले नाही, आणि घडलेच पाहिजे असेही नाही. ससाही मागे वळून न पाहता रानात निघून गेला होता. आपण परमेश्वराच्या कृपेने किती वेळा हिरवे झालो आणि एक शब्दही न बोलता निघून गेलो, याचा हिशेब आपल्यापाशी नाही. तरी ती कृपा थांबली नाही. ज्या मापाने आपण घेत आलो, त्याच मापाने देण्याचा प्रयत्न करावा. आपल्या अल्प बुद्धीने केलेल्या या निरूपणात काही उणे-अधिक झाले असल्यास थोरांनी क्षमा करावी. तीही त्याच पायलीने.

दंडवत प्रणाम.